उतरायचा मुहूर्त

मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादिकाबाईंनी फोन करून "तुमच्या व्यवसायातले काही प्रेरणादायी अनुभव लिहा" असं सांगितलं, तेव्हा मी विचारलं, "प्रेरणा कुठल्या दिशेने हवीय? वर जाणारी की खाली येणारी?" त्या हसल्या नाहीत. त्यांचा दोष नाही. माझा धंदा काय आहे हे आपल्या ऑस्ट्रेलियातल्या मराठी मंडळात फारसं कुणाला माहीत नाही. "सुधीर गाड्यांचं काहीतरी करतो" यापुढे माहिती जात नाही. मंडळात डॉक्टर आहेत, प्रोफेसर आहेत, आयटीवाले तर इतके आहेत की आरतीच्या वेळी कुणी "सिस्टिम डाऊन आहे" म्हणालं तर अर्धा हॉल चपला शोधायला लागेल. गाडीखाली झोपून पोट भरणारा मी एकटाच.

तर सांगतो. डँडेनॉन्गच्या औद्योगिक वसाहतीत टोनीची शेड आहे. तिच्या अर्ध्या भागात मी जुन्या गाड्यांना एअर सस्पेन्शन बसवतो. प्रत्येक गाडी चार पोलादी स्प्रिंगांवर उभी असते. त्या मी काढतो आणि त्यांच्या जागी रबराच्या जाड पिशव्या बसवतो. मागे, सुटं चाक ठेवायच्या खळग्यात एक छोटा कंप्रेसर आणि हवेची टाकी बसते. तिथून पेन्सिलीएवढ्या नळ्या चारही पिशव्यांना जातात आणि मालकाच्या हातात एक रिमोट येतो. हवा भरली की गाडी उठते, सोडली की बसते. इथली सिटी बस स्टॉपवर फुस्स करून एका अंगाला कलते ना, तेच, फक्त घरगुती. शेवटी सरकारमान्य इंजिनिअर येऊन तपासतो आणि सही करतो. त्याच्या सहीशिवाय गाडी रस्त्यावर आणता येत नाही.

आता कुणाला वाटेल, लोक गाडी वर करून घ्यायला येत असतील. कॅरॅव्हॅन ओढणारे म्हातारे येतात थोडे. पण बहुतेक सगळ्यांना गाडी खाली हवी असते. पोरं येतात, म्हणतात, "अजून खाली, मेट, अजून." गाडीचं पोट रस्त्याला टेकलं की त्यांचा आत्मा शांत होतो. इतकी वर्षं मी चांगल्या उंच गाड्या खाली आणण्याचं काम केलं. आमच्या घराण्यात याआधी असं काम फक्त माझ्या काकांनी केलं होतं, पण ते राजकारणात होते.

मी स्वतः किती हुशार आहे याचा दाखला मंडळातल्या जुन्या लोकांना आठवत असेल. मी माझ्याच गाडीला पिशव्या बसवल्या होत्या आणि गणपतीच्या आरतीला हॉलबाहेर ती ऐटीत लावली होती, पुढची चाकं सिमेंटच्या अडथळ्याच्या पार पुढे नेऊन. एका नळीचा जोड मी नीट आवळला नव्हता. आरती, मंत्रपुष्पांजली आणि प्रसाद होईपर्यंत हवा गेली आणि गाडी त्या सिमेंटच्या ठोकळ्यावर पोट टेकून बसली. वर करावी तर बॅटरी मेलेली. सगळे इंजिनिअर गाडीभोवती जमले आणि प्रत्येकाने मोदक खात खात सल्ला दिला. हात मात्र कुणी लावला नाही. त्या घोळक्यातून एक बाई व्हीलचेअरवरून पुढे आल्या. शांतपणे म्हणाल्या, "सुधीर, हिला उठवायच्या आधी बसू कशाला दिलीस?"

त्या जोगळेकर काकू. तेव्हा त्यांना बरं वाटायला लागलं होतं. पक्षाघाताने उजवी बाजू गेली होती, पण डावा हात आणि जीभ शाबूत होती.

त्याच दिवशी, थोड्या वेळाने, त्यांच्या मुलाने, हृषीने, त्यांना आपल्या उंच गाडीत बसवलं. म्हणजे उचललं. दोन्ही हातांवर घेतलं, बाळाला घेतात तसं. प्रेमानेच. काकूंची साडी वर सरकली, एक चप्पल पडली आणि बायका "अगंबाई, किती गुणी मुलगा" म्हणाल्या. एकीने त्याचा व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकला. खाली इतके बदाम आले की मोजता येऊ नयेत. काकू त्या दिवसापासून घराबाहेर पडल्या नाहीत.

हे मला काकूंच्या यजमानांनी सांगितलं. जोगळेकर काका वीज मंडळातून निवृत्त झालेले आणि मुलाकडे येऊन राहिलेले. एके दिवशी शेडवर आले ते हृषीची जुनी स्टेशन वॅगन घेऊन. हृषीने ती ऑस्ट्रेलियात आल्या आल्या शेजाऱ्याकडून घेतली होती आणि आता नुसती गॅरेजमध्ये पडली होती. फिकट सोनेरी रंग, लांबच लांब पाठ, मागे कुत्र्याच्या केसांचा जुना वास.

"ही बसवायची," काका म्हणाले. "उंट बसतो तशी. ती बसली की हिने आत सरकायचं. कुणी उचलायचं नाही. हिने शपथ घातलीय, परत मला कुणी हात लावून उचललं तर बघा."

"काकूंना जायचंय कुठे?"

"फॉस्टर स्ट्रीटला. मी मेथी आणतो ती पिवळी असते म्हणे. तिला स्वतः निवडायचीय."

एवढीच मागणी होती. एका बाईला कुणी न उचलता भाजीच्या दुकानापर्यंत जायचं होतं आणि स्वतःच्या हाताने मेथीची जुडी उलटीपालटी करून बघायची होती.

मी हुरळलो. आयुष्यभर पोरांच्या हौशीसाठी गाड्या खाली आणल्या, आता एका चांगल्या कामासाठी आणणार होतो. काकांनी घरून व्हीलचेअरची मापं फोनवर सांगितली, मी सीटची घेतली. सीट आणि जमीन यांतलं अंतर जितकं कमी तितकं बरं, असं आम्हा दोघांनाही उघडच वाटत होतं. हृषी एकदा लॅपटॉप घेऊन आला, उंचीचा तक्ताच करून दाखवला. टोनी ऑफिसच्या चाकाच्या खुर्चीत बसून पेशंट झाला. खुर्चीतून वॅगनमध्ये धप्पकन पडला आणि म्हणाला, "ब्यूटिफुल. माझ्या सासूला पण एक बनव, पण ती बसल्यावर दार लॉक कर."

एवढ्या सगळ्या गडबडीत काकूंना मात्र कुणी काही विचारलं नाही. विचारायचं सुचलंच नाही. त्यांच्यासाठीच चाललं होतं ना सगळं.

गाडी द्यायचा दिवस काकांनी दसऱ्याचा ठरवला. आदल्या दिवशी खंडेनवमी. त्या दिवशी मी हत्यारं पूजेला मांडतो, अगदी सगळी. पान्हे, सॉकेट, हातोड्या, जॅकसुद्धा. वर झेंडू आणि हळदकुंकू. दसऱ्याची पूजा उरकून संध्याकाळ होईपर्यंत त्यांना हात लावत नाही. टोनी दरवर्षी म्हणतो, "तुझे पान्हे परत हॉलिडेवर? मला का नाही देत सुट्टी?" मी दरवर्षी सांगतो की तुझी पूजा करावी असा तू नाहीस.

तर दसऱ्याला सकाळी मी वॅगन घेऊन त्यांच्या घरी गेलो. झाडावर मॅगपाय पक्षी बसले होते, या दिवसांत ते टाळक्यावर झेपावतात, म्हणून काका डोक्यावर ताट धरून बाहेर आले. त्यातच निरांजन होतं. गाडीची पूजा झाली, चाकाखाली लिंबं ठेवली. काकांनी इंडियातून मुहूर्त काढून आणला होता. "गाडीत बसण्याचा मुहूर्त," ते म्हणाले. मी रिमोट दाबला आणि वॅगन ड्राइव्हवेवर बसली. उंटापेक्षा छान बसली. काकू खुर्चीतून डाव्या हाताच्या जोरावर, खुर्ची आणि सीटच्या मध्ये टाकलेल्या गुळगुळीत फळीवरून सरकल्या आणि अलगद आत गेल्या. कुणी हात लावला नाही.

काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं असतं, पण मी फोनवर शूटिंग करत होतो.

काकूंनी पट्टा लावला, सीटकडे बघितलं, जमिनीकडे बघितलं. "एकदा उतरून बघू का?" त्या म्हणाल्या.

"आत्ता? शुभ वेळेला बसलीस आणि लगेच उतरतेस?" काका घाबरलेच. "नारळ फोडलाय. आता आधी जाऊन यायचं."

"अहो, पण—"

"काकू, काका बरोबर म्हणतायत," मी म्हणालो. हे मीच म्हणालो. ज्याने आदल्या दिवसापासून आपल्या हत्यारांना झेंडूखाली झोपवलं होतं, तो शुभाशुभाच्या बाजूनेच बोलणार. बसण्याचे मुहूर्त आपल्याकडे हवे तितके मिळतात. उतरण्याचा मुहूर्त मागायला मात्र आजपर्यंत कुणी गुरुजींकडे गेलं नसेल.

त्या दोघांच्या मागे मी माझ्या यूटमधून, म्हणजे मागे उघडा हौदा असलेल्या गाडीतून, निघालो. फॉस्टर स्ट्रीटवर दुकानासमोर बरोबर जागा मिळाली, तोही आम्हाला शुभशकुनच वाटला. मी पळत पुढे गेलो आणि शेडच्या पेजवर लाइव्ह सुरू केलं. "मित्रांनो, आज एक खास क्षण," वगैरे.

काका उतरले, खुर्ची काढून फुटपाथवर ठेवली, बायकोसाठी अदबीने दार उघडलं आणि मग रिमोट दाबला. क्रम चुकला. आधी गाडी बसली पाहिजे, मग दार. पण कुणी दाखवलं होतं त्यांना? आमचा सराव झाला होता ड्राइव्हवेवर, सपाट जागेत, जिथे कडा नाही. इथे रस्त्याच्या कडेचा फुटपाथ वीतभर उंच होता. गाडी फुस्स करून खाली आली आणि उघडं दार फुटपाथवर टेकलं. पाठोपाठ अख्ख्या वॅगनचं वजन त्या दारावर आलं. कर्रर्र. बिजागरी वाकली.

"वर करा! काका, वर!" मी ओरडलो. गाडी चालवायच्या उंचीवर आली, पण दार आता मिटेना. माझ्याकडे पान्हा असता तर दोन बोल्ट सैल करून दार जागेवर आणलं असतं. यूटमध्ये हत्यारांची पेटी होती, ती मी उघडली. आत झेंडूच्या दोन पाकळ्या. हत्यारं शेडमध्ये पूजेला होती.

"मी उतरते," काकू म्हणाल्या. "दाराचं मग बघा."

आणि तेव्हा मला कळलं की आपण काय केलंय. गाडी खाली होती म्हणून त्या आत घसरत गेल्या होत्या. आता खुर्ची वीतभर उंच फुटपाथवर, आणि त्या खोल सीटमध्ये. एका हाताने, एका पायाने त्यांना वर चढायचं होतं. त्यांनी प्रयत्न केला. डाव्या हातावर सगळा भार टाकला. फळी सरकली. पुन्हा प्रयत्न केला. लोक थांबायला लागले. मिठाईच्या दुकानातली दोन पंजाबी पोरं धावत आली. "आंटीजी, हम उठाते हैं, नो वरीज."

"नको," काकू म्हणाल्या. मग हळू, फक्त माझ्याकडे बघून, "नको रे."

पण रस्त्यातच उभ्या केलेल्या माझ्या यूटमागे गाड्यांनी हॉर्न वाजवायला सुरुवात केली होती आणि काका रडवेले झाले होते. आम्ही तिघांनी उचललं. माझा हात त्यांच्या काखेत होता.  खुर्चीत बसल्यावर त्यांनी पदर सारखा केला आणि यूटच्या टपाकडे बघत विचारलं, "ते चालू आहे का अजून?"

पेटी उघडताना मी फोन टपावर उभा करून ठेवला होता. लाइव्ह चालूच होतं.

मेथी त्या दिवशी कुणीच घेतली नाही. दार काकांच्या उपरण्याने बांधून वॅगन मी शेडवर नेली. काकूंना टॅक्सीवाल्याने घरी नेलं. खुर्चीसकट चढता येते, अशी टॅक्सी. ती रोज मागवता येत नाही, बोलावून तासन्‌तास येत नाही, पण तिच्यात कुणी उचलत नाही.

मी हे काम सोडून द्यायच्या विचारात होतो. चार-पाच दिवसांनी एका दुपारी तीच टॅक्सी शेडच्या दाराशी थांबली. काकू आल्या होत्या, काका मागे गुपचूप.

"रिमोट कुठाय?" काकूंनी विचारलं.

मी दिला.

"ही वर किती जाते?"

"वर? वर बरीच जाते काकू. चालवता येत नाही एवढ्या वर, पण उभी असताना—"

"मग खाली का केलीत?"

 इतकी वर्षं प्रत्येकाने खाली मागितली म्हणून, हे काही उत्तर नव्हे.

"बसायला मला येतं, सुधीर. उठायला येत नाही. विचारलं असतंत तर पहिल्याच दिवशी सांगितलं असतं."

काका शेडच्या छताकडे बघत होते.

काकूंनी सगळ्यांना कामाला लावलं. टोनीने लाकडी पॅलेट रचून फुटपाथएवढा ओटा केला. त्यावर खुर्ची. मी वाकलेल्या बिजागऱ्या बदलून दार चढवलं होतंच. आणि मग काकू डाव्या हाताने रिमोट धरून गाडी स्वतः वर-खाली करत राहिल्या, थोडं सरकून बघत, पुन्हा बदलत. टोनीने मध्येच काही सुचवलं तर त्याला मराठीत "गप बस जरा" म्हणाल्या आणि तो खरंच गप्प बसला. निष्कर्ष असा निघाला: आत जाताना सीट खुर्चीपेक्षा बोटभर खाली, बाहेर येताना बोटभर वर. दोन्ही वेळा उतारच. दार आधी मिटलेलं, मग उंची, मग दार. एवढं सोपं. त्यासाठीच तर हवेच्या पिशव्या असतात. मी धंदा करतो तो, आणि मला ते एका बाईने खुर्चीत बसून शिकवलं.

त्या आत गेल्या. त्या बाहेर आल्या. पुन्हा गेल्या, पुन्हा आल्या. चेहरा घामाने भिजला होता. शेवटी त्यांनी टोनीकडून निळी टेप मागितली आणि मला चाकाच्या कमानीच्या आतल्या पत्र्यावर, गाडी तेवढी उठली की चाकाच्या वर दिसेल अशी खूण करायला लावली. "ही माझी उतरायची उंची. इथपर्यंत आली की मी बाहेर." टोनी तोंड फिरवून उगाच ग्राइंडरची वायर गुंडाळत बसला.

"शनिवारी मेथी," काकू म्हणाल्या.

शुक्रवारी हृषी आला. त्याने ते लाइव्ह ऑफिसात बसून बघितलं होतं, टीमच्या सगळ्यांसोबत. कुणीतरी "ही तुझी आई ना?" म्हणून दाखवलं. मी ते पुसेपर्यंत कितीजणांनी पुढे पाठवलं, मला माहीत नाही.

"दादा, ती गाडी परत नाही वापरायची. सेफ्टी इश्यू आहे."

"आता सगळं नीट झालंय. काकूंनी स्वतः—"

"मी नवीन बुक केलीय. मोठी आहे, कॅमेरे आहेत, सगळं आहे. आईला मी बसवेन, मी उतरवेन. आठवड्यातून एकदा मला जमतं."

"त्यांना उचललेलं नको असतं, हृषी."

"माझी आई आहे," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, उलट कापत होता. "तुम्ही लोकांनी तिला फूटपाथवर तसं... आय कान्ट. परत नाही बघू शकत मी. ही राहू दे तुमच्याकडे, पार्ट्स वापरा."

मी काकांकडे बघितलं. तेही आले होते. ते म्हणाले, "त्याच्या नावावर आहे ना गाडी." जणू वीज मंडळाचा नियम सांगत होते.

मीही गप्प राहिलो. आपल्याकडे आई आणि मुलाच्या मध्ये बाहेरच्याने पडायचं नसतं. इतक्या वर्षांत माझी एवढी एकच शिस्त कधी चुकली नाही, आणि ती नेमकी तेव्हा चुकायला हवी होती.

नव्या गाडीत काकू बसल्या नाहीत. हृषी दर शनिवारी विचारतो, त्या म्हणतात, "आज नको." काका मेथी आणतात. पिवळी.

वॅगन शेडच्या मागच्या भिंतीशी उभी आहे. पार्ट्स मी काढले नाहीत. नुसत्या उभ्या गाडीच्या पिशव्यांमधून हवा झिरपतेच, एक-दोन दिवसांत ती जमिनीला टेकते. टोनी म्हणतो, विकून टाक किंवा कोंबड्या ठेव तिच्यात.

काकू शनिवारी फोन करतात. इकडचं तिकडचं बोलतात आणि शेवटी विचारतात, "गाडी वर आहे ना?"

"आहे, काकू," मी म्हणतो.

गेल्या शनिवारी त्यांचा फोन जरा लवकर आला. मी बोलता बोलता मागच्या भिंतीकडे गेलो आणि नेहमीसारखं गुपचूप रिमोट दाबला. कंप्रेसरची घरघर सुरू झाली.

पलीकडून काकू बोलायच्या थांबल्या. "आवाज येतोय मला," त्या म्हणाल्या. "दर वेळी आत्ता करतोस होय?"

मी बटणावरून बोट उचललं.

"असू दे. कर. खुणेपर्यंत आली की सांग."

मी पुन्हा बटण दाबलं आणि फोन कानाला धरून उभा राहिलो. वॅगन हळूहळू उठली, आधी मागून, मग पुढून. चाकाच्या वर निळी टेप दिसली.

"आली, काकू."

 फोनवर त्यांच्या मागून काकांचा आवाज येत होता, "कुणाशी बोलतेस गं?"

"बरं," त्या मला म्हणाल्या. "आता उतरू दे."

मी बटणाला हात लावला नाही. हवा झिरपून ती आपोआप उतरते.